बाहेरून बी.ए.

उकंडरावाला मी तोंडावर कायम 'अहो उकंडराव' म्हणत आलो. मनात मात्र अरे-तुरेच. कितीतरी वर्षं एका शाळेत काढली, एकाच माठाचं पाणी प्यायलो, पण मनातलं ते 'अरे' काही सुटलं नाही. आता त्याच्याबद्दल लिहायला बसलोय, तर इथेही 'तो'च म्हणतो. निदान कागदावर तरी खोटा मान नको.

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यातल्या उंद्रीपासून तीन मैल आत. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या बड्या मंडळींनी संस्था काढली आणि हायस्कूल सुरू केलं. हिंमतराव अध्यक्ष. त्यांची शंभर एकर जमीन, आणि शाळेची इमारत म्हणजे त्यांचंच सरकी ठेवायचं जुनं गोदाम. पावसाळ्यात भिंतींना सरकीचा वास यायचा. तिथं मी इंग्रजी शिकवायचो आणि उकंडराव मराठी आणि भूगोल.

त्याचं नाव उकंडराव का, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून बनाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, याला जन्मल्याबरोबर उकंड्यावर ठेवलं, म्हणजे शेणाच्या उकिरड्यावर. मग शेजारणीनं त्याला उचललं आणि बनाबाईनं तिला पसाभर ज्वारी देऊन पोर परत घेतलं. उकिरड्यावरचं पोर यमाला नको असतं म्हणतात. यमाला नको होतं, पण बाकी साऱ्या गावाला ते फार आवडायचं, आणि माझं दुखणं नेमकं तेच होतं.

घरी भाजीपाल्याचा मळा. सकाळी मोट हाकून, वांगी तोडून, टोपल्या चिखलीच्या बाजाराला लावून तो शाळेत यायचा. नखात माती तशीच. मी इस्त्रीची पँट घालून वर्गात जायचो तर पोरं जांभया द्यायची. हा बाबा खिशातून मातीच्या पुरचुंड्या काढायचा. एक पैनगंगेच्या काठची काळी, एक जळगाव जामोदकडची डोंगराची मुरमाड. पोरांच्या हातावर ठेवून म्हणायचा, "पहा बे, वली करून पहा. कोन्ती हाताले चिकटते?" आणि सारा वर्ग हात काळे करून भूगोल शिकायचा. तपासणीला आलेले साहेब माझ्या वर्गात पाच मिनिटं बसत. त्याच्या वर्गात घंटा होईपर्यंत.

घरीही सुटका नव्हती. माझी बायको पुष्पाबाई भाजी त्याच्याच मळ्यातली घ्यायची. ताटात वांगं पडलं की म्हणायची, "उकंडराव मास्तरच्या मळ्यातलं हाय, पहा कसं लोण्यावानी शिजलं." मी ते वांगं खायचो आणि माझ्या पोटात दुखायचं. वांग्यानं नव्हे.

माझ्याकडे एकच गोष्ट त्याच्यापेक्षा जास्त होती. मी बी.ए. होतो आणि तो नुसता इंटर. बाप गेल्यामुळे त्यानं खामगावचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं. मीही कॉलेजात गेलो नव्हतो. हायस्कूल निघायच्या आधी, प्राथमिक शाळेत नोकरी करून, शिक्षक-उमेदवार म्हणून नागपूर विद्यापीठाचा फॉर्म भरून, अकोल्याच्या केंद्रावर परीक्षा दिली होती. याला आमच्याकडे 'बाहेरून बी.ए. करणे' म्हणतात. एकदा नापास झालो, दुसऱ्यांदा नापास झालो, तिसऱ्यांदा निघालो. तीन वर्षं मी कुणाच्या लग्नाला गेलो नाही की पोळ्याला बैलांमागे फिरलो नाही. पण नंतर लग्नपत्रिकेत माझं नाव छापून यायचं, 'श्री. भाऊराव, बी.ए.' आणि त्याखाली नुसतंच 'श्री. उकंडराव'. त्या दोन अक्षरांवर माझं सगळं चाललं होतं.

मग एका दिवाळीनंतर तो शाळेत आला तो पेढे घेऊन.

"मास्तर, मी बी झालो."

"काय झालात?"

"बी.ए.! बाहेरून."

मी म्हटलं, नागपूरची तर परीक्षा एप्रिलात असते, हा कुठली देऊन आला? तर त्यानं कागदाची गुंडाळी उलगडली. जाड कागद, सोनेरी शिक्का, वर सरस्वती, खाली तीन सह्या. 'श्री सकलविद्या महापीठ', गाव उत्तरेकडचं कुठलंतरी. मनीऑर्डरनं फी पाठवायची, पुस्तकं टपालानं येतात, प्रश्नपत्रिका टपालानं येतात, उत्तरपत्रिका आपण टपालानं पाठवायच्या. दोन वर्षांत पदवी. आणि तिकडच्या कारकुनाला 'उकंडराव' हे काय नाव आहे ते उमगलं नसावं. त्यानं आपल्या मनानं ते सुधारून सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'श्री उत्कंठराव'.

"विद्यापीठानं नाव बी सुधरवून देल्लं," तो हसत म्हणाला.

मी पेढा तोंडात ठेवून त्या तिन्ही सह्या पाहिल्या. ही पदवी म्हणजे शुद्ध दुकानदारी आहे हे मी पाहताक्षणी ओळखलं होतं. पण सांगावं कुणाला? गावात बातमी पसरली आणि लोक म्हणू लागले, चला, आता दोन्ही मास्तर बी.ए. मी हिंमतरावांना आडून आडून म्हणालो, की पदवी-पदवीत फरक असतो. ते पान लावता लावता म्हणाले, "त्याच्यात काय फरक हाय? तुमी बाहेरून, ते बी बाहेरूनच." माझी तीन वर्षं आणि त्याची मनीऑर्डर एका शब्दात सारखी झाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मला त्याचा इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी शाळेत त्यानं 'राम राम मास्तर' म्हटलं तेव्हा मी खडू शोधत असल्याचं सोंग केलं.

पुढच्या लग्नसराईत पत्रिकेवर दोन ओळी एकाखाली एक आल्या. 'श्री. उकंडराव, बी.ए.' वर आणि मी खाली. छापणाऱ्यानं म्हणे अकारविल्हे लावलं होतं. मी मनातल्या मनात सारी बाराखडी म्हणून पाहिली. त्यात 'उ' 'भ'च्या आधी येतो हे मला कबूल करावं लागलं.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मी जळत राहिलो असतो, दुसरं काही केलं नसतं. पण सहासष्ट साली आमचे मुख्याध्यापक नोकरी सोडून आपल्या गावी, देऊळगाव राजाला निघून गेले. जागा रिकामी झाली. संस्थेचा नियम साधा होता. मुख्याध्यापक पदवीधर हवा. पदवीधर आम्ही दोघेच, नोकरी दोघांची सारखीच. हिंमतरावांनी मला बोलावून जवळजवळ सांगूनच टाकलं, "मास्तर, तुमी हुशार हा, पन पोट्टे त्याचं आयकतात. गावातले लोकं बी त्याचंच आयकतात. मी म्हंतो उकंडरावले करून टाकू. तुमाले वाईट त नाई ना वाटनार?"

मी म्हणालो, "छे छे, वाईट कशाचं?"

आणि रविवारी चिखलीला जाऊन, तिथल्या टपालपेटीत एक निनावी अर्ज टाकला.

अर्ज मी डाव्या हातानं लिहिला होता. त्यात उकंडरावाचं नाव घातलं नाही. नाव घालावं तर कुणीही शेंबडं पोर सांगेल की लिहिणारा मी. म्हणून फक्त एवढंच लिहिलं: 'उंद्रीजवळच्या अमुक शाळेतील एका शिक्षकाने बाहेरून बी.ए. केले आहे. सदर पदवी संशयास्पद आहे. चौकशी व्हावी.' माझ्या मनात 'बाहेरून' म्हणजे परप्रांतातून. साहेब येतील, शाळेचं रजिस्टर उघडतील, महापीठाचं नाव वाचतील आणि पुढचं आपोआप होईल. मी स्वतःवर फार खूश होतो.

ऑगस्टात जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्याचे एक साहेब जीपनं आले. टेबलावर अर्ज ठेवला, शाळेच्या कारकुनाला, सहदेवला, शिक्षकांचं रजिस्टर आणायला सांगितलं. आम्ही दोघे आणि हिंमतराव समोर बसलो. साहेबांनी बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"भाऊराव. बी.ए., कंसात बाहेरून. हे कोण?"

मी ते रजिस्टर कधी उघडून पाहिलं नव्हतं. सहदेवनं माझ्या नावापुढे 'बी.ए. (बाहेरून)' असं लिहून ठेवलं होतं, कारण कॉलेजचं नाव लिहायच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. उकंडरावाच्या नावापुढे मात्र 'बी.ए., श्री सकलविद्या महापीठ' असं सगळं झोकात. साऱ्या रजिस्टरात 'बाहेरून' हा शब्द एकदाच होता आणि तो माझ्यापुढे.

"मूळ पदवीपत्र दाखवा," साहेब म्हणाले.

पदवीपत्र मी कधी मागवलंच नव्हतं. पदवीदान समारंभाला नागपूरला जायला कोण बसलंय? मूळ गुणपत्रिका हायस्कूलला लागताना संस्थेकडे दिली होती. सहदेवनं दोन कपाटं उपसली, तिसऱ्यातून उंदराचं घरटं निघालं, गुणपत्रिका निघाली नाही. उरली एक नक्कल, आणि तिच्यावर सही आमच्याच जुन्या मुख्याध्यापकांची.

साहेबांनी चष्मा काढला. "नागपूरहून खात्री येईपर्यंत यांना पदवीधर धरता येणार नाही. त्याला चार-सहा महिने लागतील. मुख्याध्यापकाची जागा तोवर रिकामी ठेवता येत नाही. दुसरं कोण आहे तुमच्याकडे?"

हिंमतरावांनी उकंडरावाकडे पाहिलं. मीही पाहिलं. स्वतःच्या डाव्या हातानं मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि हे मला कुणाला सांगताही येत नव्हतं. उकंडरावाला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. मी त्याच्या जागी असतो तर तोंडात गुळणी धरून बसलो असतो.

तो उठला. "साहेब, हा अर्ज याईच्याबद्दल नाई. भाऊराव मास्तर नागपूरचे सच्चे बी.ए. हायेत. तीन डाव परीक्षेले गेले. तिन्ही डाव मी सोता त्याईले यष्टीत बसवून देल्लं. बाहेरून म्हंजे मी असन. माही पदवी तपासा."

"तुमची तर महापीठाची आहे ना?"

"तेच त तपासाचं हाय."

तो घरी गेला आणि फ्रेमसकट ती पदवी घेऊन आला. साहेबांनी बॅगेतून मान्य विद्यापीठांची यादी काढली, वरून खाली गेले, खालून वर आले. मग 'श्री उत्कंठराव' हे वाचून त्यांना हसू आवरेना. हिंमतराव म्हणाले, "अहो पन परीक्षा देल्ली त्याईनं! आठ पेपर!"

"कुठं दिली?"

"घरी," उकंडराव म्हणाला. "टपालानं पेपर येत. वर लिवलेलं राहे, तीन तासात सोडवा, पुस्तक पाहू नका. आठ दिवस रोज एक. आमची घरवाली मनकर्णा अलारमचं घड्याळ घेऊन समोर बसे. तिले वाचता येत नाई, पन तीन तास झाले का हातातून कागद ओढून घे. एका पेपरात पानी प्याले उठलो त म्हने, बसा खाली, पेपरात उठता येत नाई. मंग मले वाटलं, परीक्षा अशीच असते. दोन साल झाले, बुलडाण्याचा एक पाव्हना म्हने, हे विद्यापीठ खोटं हाय. तवापासून कोनाले इचाराची हिंमत नाई झाली. बरं झालं साहेब, तुमी आले."

साहेब हसले, शिपाई हसला, सहदेव हसला. मी पण हसलो, पण मला हसू येत नव्हतं. अकोल्याला तिसऱ्या खेपेला, अर्थशास्त्राच्या पेपरात, माझ्या पुढच्या बाकावरचा उमेदवार हात जरा बाजूला घेऊन लिहीत होता. माझी नजर चांगली आहे. हे मी आजवर पुष्पाबाईलाही सांगितलेलं नाही.

साहेबांनी उकंडरावाच्या नावापुढची 'बी.ए.' ही अक्षरं लाल शाईनं खोडली. नागपूरला माझ्यासाठी तार गेली आणि महिनाभरात उत्तर आलं. मी मुख्याध्यापक झालो. त्याला वरचे वर्ग काढून पाचवीचा वर्ग दिला, पगाराची श्रेणी खाली आली. मला वाटलं होतं, आता छातीवरचं ओझं उतरेल. पण मुख्याध्यापकाच्या खोलीच्या खिडकीतून पाचवीचा वर्ग दिसायचा, आणि मधल्या सुट्टीत तिथं मॅट्रिकची पोरं नकाशे घेऊन उभी असायची. माझ्या दाराशी कुणी फिरकत नसे. खुर्ची मला मिळाली होती आणि बाकी सगळं त्याच्याकडेच राहिलं होतं. शिवाय त्या दिवशी तो उठून बोलला होता. ते मी कधीच बोललो नसतो, हे मला माहीत होतं. त्याच्या वांग्यांचा, त्याच्या भूगोलाचा, त्याच्या मनकर्णेचा हेवा मी सहन केला होता. पण हा हेवा सहन होईना.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर तो खोलीत आला. हातात नागपूर विद्यापीठाचा फॉर्म.

"सर," तो म्हणाला. मी मुख्याध्यापक झाल्यापासून तो मला मास्तर म्हणत नसे. "मनकर्णा म्हंते, घड्याळ पुसून ठेवलं, आता खरी परीक्षा द्या. बी.ए.च्या पहिल्या भागाचा हाय. तुमची सही अन् शाळेचा शिक्का पाह्यजे. तीस सप्टेंबर शेवटची तारीख. मी फी भरून देल्ली."

"ठेवा. पाठवतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी फॉर्म वाचला. त्यात शाळाप्रमुखानं लिहून द्यायचं होतं, की उमेदवार सद्वर्तनी आहे आणि प्रामाणिकपणे परीक्षेस बसेल याची खात्री आहे. मी पेन उघडलं. पेन बंद केलं. फॉर्म खणात ठेवला आणि वर हजेरीपत्रकं ठेवली. मनाला सांगितलं, शिक्का सहदेवकडे आहे, उद्या बघू. उद्या बघू असं मी रोज म्हणत होतो आणि तारखेवर माझी पक्की नजर होती. हा पहिल्या खेपेला पास होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग माझ्याकडे काय उरेल? तीस तारखेला मी खण उघडलाच नाही.

ऑक्टोबरात त्यानं विचारलं. मी म्हणालो, "मी तर पाठवला होता हो. टपालात कुठंतरी अडकला असेल."

"असन, असन," तो म्हणाला. "इतक्या दूरचं टपाल. येत्या साली भरू." आणि पाचवीच्या वर्गात निघून गेला. फी गेली ती गेलीच. तो फॉर्म मी घरी नेऊन चुलीत घातला. पुष्पाबाईनं विचारलं, "कायचा कागद हाय?" मी म्हणालो, रद्दी.

दुसऱ्या वर्षी तो जुलैतच आला आणि फॉर्म टेबलावर ठेवून उभा राहिला. बसा म्हटलं तर बसला नाही. सहदेव शिक्का घेऊन आलेलाच होता. मी सही केली. ती चांगुलपणानं केली असं कुणी समजू नये. दोघे डोळ्यांसमोर उभे होते आणि मला पळायला वाट नव्हती, म्हणून केली.

तो पहिला भाग पास झाला. वर्षानं दुसराही. दोन्ही पहिल्या खेपेला, वरच्या श्रेणीत. भूगोलात पहिल्या पाचांत त्याचं नाव होतं. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी निकाल वाचून दाखवायचं काम मुख्याध्यापकाचं. मी वाचला. पोरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

दुपारी तो चिखलीचे पेढे घेऊन खोलीत आला. शेजारची खुर्ची ओढून बसला. पहिल्यांदाच असा बसला. एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "सर, तवा टपालात फॉर्म अडकला ना, ते बरंच झालं. मले एक साल जास्ती अभ्यासाले भेटलं. नाईतर इतके मार्क कायचे पडतेत?"

त्याचा आवाज साधाच होता. डोळ्यांतही मला काही दिसलं नाही. मी पेढा खाल्ला, अभिनंदन म्हणालो, तो उठून गेला.

हे त्यानं मनापासून म्हटलं, की सारं माहीत असून म्हटलं? आज दोघेही सेवानिवृत्त आहोत. तो इथून हाकेच्या अंतरावर मळ्यात असतो, संध्याकाळी पुष्पाबाईकडे भाजी पाठवतो. जाऊन विचारलं तर सांगेलही. पण मला विचारवत नाही. त्याला माहीत नसेल तर इतका भाबडा माणूस मी कधी नव्हतो, आणि माहीत असेल तर इतका मोठा मी कधी होणार नाही. दोन्हीपैकी काहीही असो, मला त्याचा हेवाच वाटतो.